मुक्कामी माणसं : एक प्रस्तावना

कर्जत तालुक्यातली पेज नदी भर मे महिन्यातही वाहत असते. नवख्या माणसाला याचं नवल वाटतं, कारण कोकणातल्या नद्या होळीनंतर आटायला लागतात. पेजेचं हे उन्हाळी पाणी मुळात इकडचं नाहीच. सह्याद्रीच्या पलीकडे आंदर मावळात ठोकरवाडीच्या धरणात ते अडवलं जातं, बोगद्यातून आणि नळांतून भिवपुरीच्या वीजघरावर सोडलं जातं, आणि वीज मुंबईला गेली की मागे राहिलेलं पाणी नदीत येतं. १९२२ पासून हे असंच चालू आहे. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि पाताळगंगेला बारमाही पाणी आलं. राजनाल्याखालचा शेतकरी या पाण्यावर उन्हाळी भात काढतो. पुढे उल्हास नदीतून बदलापूर, कल्याणपर्यंतची शहरं हेच पाणी पितात. आणि याच कर्जत-खालापुरात डोंगरउतारावरच्या ठाकूरवाड्यांत, कातकरवाड्यांत एप्रिल लागला की बायका हंडे-कळश्या घेऊन झरा शोधत निघतात.

पाणी कुठून आलं, कुठे गेलं, वाटेत कोणाला मिळालं आणि कोणाच्या दारावरून नुसतंच गेलं, हा प्रश्न नीट विचारला की या पुस्तकाच्या विषयाला हात घातला जातो. पाण्याच्या जागी जमीन, जंगल, माती, वाळू, मजूर यातलं काहीही घातलं तरी प्रश्न तोच राहतो. मुंबईच्या इतक्या जवळ असलेल्या या दोन तालुक्यांतून गेली शंभर वर्षं काही ना काही खाली शहराकडे जात आलं आहे. शहराकडून त्या बदल्यात जे वर आलं, त्यातलं काही मजुरी म्हणून आलं, काही नुकसानभरपाई म्हणून, आणि काही दान म्हणून. या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा ठेवता येणं, ही या क्षेत्रात काम करणाऱ्याची पहिली पात्रता आहे असं मी मानतो.

या संग्रहातले लेखक रायगड जिल्ह्याच्या आतल्या पट्ट्यात, मुख्यतः कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, वर्षानुवर्षं काम करत आलेले कार्यकर्ते आहेत. काही बाहेरून आले आणि इथलेच झाले. काही इथल्याच वाड्यांत जन्मले, आधी शिबिरांना श्रोते म्हणून गेले आणि नंतर शिबिरं चालवू लागले. समाजकार्यात करिअर करावं का, करायचं तर कसं, त्यावर घर चालतं का, असं विचारणारी मुलंमुली आता दहिवली-कर्जतच्या महाविद्यालयीन पिढीतही भेटतात. हे पुस्तक आधी त्यांच्यासाठी आहे. त्यानंतर ते देणाऱ्यांसाठी आहे, कारण देणं हेही शिकण्याचं काम आहे.

नवख्या वाचकाला या क्षेत्राचा नकाशा हवा. आपल्याकडे तो काढायचा तर मुळशीपासून सुरुवात करावी लागते. १९२१ मध्ये मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच, त्याचं पाणी आजही घाट उतरून रायगडात भिऱ्याच्या वीजघरावर पडतं. पण विकास कोणाच्या जमिनीवर आणि कोणासाठी, हा प्रश्न देशात फार लवकर आणि मराठीत विचारला गेला. सहाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तो समतेचा लढा म्हणून आपण शिकतो, आणि ते योग्यच आहे. पण सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क, ही पर्यावरणीय न्यायाची पहिली अट त्याच तळ्यावर मांडली गेली. अमेरिकेत या चळवळीचा आरंभ बहुधा १९८२ पासून धरतात. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन परगण्यात, बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळ विषारी माती पुरायला विरोध झाला. त्या लढ्याचं मोल मोठं आहे. पण आपल्या विद्यार्थ्यांनी वॉरनच्या आधी महाड वाचावं. ते त्यांच्याच जिल्ह्यात आहे.

कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडने, त्यानंतरही बरंच पाहिलं. १९३० च्या सप्टेंबरात चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात माणसं मारली गेली. १९३३ पासून अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून खोतांशी संप चालवला. आणि कर्जतपुरतं बोलायचं तर भाई कोतवाल. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले. ते आझाद दस्त्याचे क्रांतिकारक म्हणून आपल्याला माहीत असतात. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारे, २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झालेले. त्याआधीचे कोतवाल मात्र कमी माहीत असतात. त्यांनी तालुक्यातल्या खेड्यांत शाळा काढल्या आणि शेतकरी सावकाराच्या हाती जाऊ नये म्हणून धान्याच्या कोठ्या सुरू केल्या. पुढे मराठी सार्वजनिक जीवनात रचना आणि संघर्ष अशा दोन वेगळ्या वाटा मानल्या गेल्या. कोतवालांच्या तीस वर्षांच्या आयुष्यात त्या एकाच माणसाने चालून दाखवल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर या वाटा फुटल्या. रचनेच्या वाटेवर गांधी-विनोबांच्या आणि समाजवाद्यांच्या प्रेरणेने आलेली माणसं होती. पनवेल तालुक्यात नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी शांतिवन उभं राहिलं. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरने ताऱ्याला ग्रामोद्योग, शाळा, दवाखाना असं काम उभारलं. संघर्षाची वाट त्याआधीच उत्तरेकडे, वारली पट्ट्यात १९४५ मध्ये गोदूताई परुळेकरांनी घालून दिली होती. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला आणि त्याच्या आधाराने १९८० नंतर ठाणे-रायगडात आदिवासी मजुरांच्या संघटनांनी जोर धरला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या परिसरात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या सिडकोविरोधी आंदोलनात पाच जणांनी जीव दिला. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं सूत्र पुढे आलं. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांनी महामुंबई सेझवर सार्वमत दिलं. जमीन घेण्याआधी सरकारने गावाला मतपत्रिकेवर विचारावं, ही गोष्ट देशात क्वचितच घडली आहे.

तिसरी वाट संस्थांची आणि चौथी पदवीधर व्यावसायिकांची. या दोन्हींवर लोक सहज नाकं मुरडतात. मला ते मान्य नाही. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा सुरू झाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. ज्या उद्योगघराण्याच्या धरणाविरुद्ध मुळशीत सत्याग्रह झाला, त्याच घराण्याच्या निधीतून समाजकार्यकर्त्यांच्या पिढ्या शिकल्या. या दोन गोष्टींपैकी एकीने दुसरी खोडली जात नाही. या क्षेत्रात उतरणाऱ्याला दोन्ही एकत्र ध्यानात ठेवून काम करावं लागतं, आणि ते अवघड असतं.

संस्थेच्या वाटेने काय साधतं हे पाहायला दहिवलीहून फार लांब जावं लागत नाही. काशेळ्याला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या. सुगीत भात घरात आलं की प्रत्येक घराने ठरलेलं माप कोठीत घालायचं. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की तिथून उसनं न्यायचं आणि पुढच्या सुगीला थोडी वाढ धरून परत करायचं. सावकाराकडे हेच भात दिढीने मिळायचं, म्हणजे मणाला दीड मण. नड पाहून कधी दुणीनेही. कोठीत वाढ परक्याच्या घरी जात नाही, वाडीचीच राहते. कागदावर हे चार ओळींत मावतं. वाडीत मात्र एकेका ओळीवर रात्र जाते. किल्ली कोणाकडे? पायली कोणाच्या घरची, आणि ती शीग लावून मोजायची की सपाट? दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं घर मागचं न फेडता परत आलं तर त्याला यंदा द्यायचं की नाही? पोरं तर त्याचीही उपाशीच असतात. वाडीने हे बसून ठरवलं, एकमेकांवर रागावून ठरवलं, मोडलं आणि पुन्हा ठरवलं, की तिला सभा घेता येते. पुढे तीच वाडी वनहक्काचा दावा करते. धान्य वाटणारी गाडी दर पावसाळ्यात आली असती तर पोटं तेवढीच भरली असती, सभा मात्र झाली नसती.

याच संस्थेच्या दुसऱ्या एका कामाकडे मी वाचकाचं मुद्दाम लक्ष वेधतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. त्यांच्या अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. आजा-पणजा ज्या जमीनमालकाकडे राबला त्याने बांधाला झोपडी घालू दिली. ती तीन पिढ्या तिथेच राहिली, तिच्या दहा झाल्या, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचंच. जमिनीला भाव नव्हता तोवर कोणी काही बोललं नाही. द्रुतगती महामार्ग झाला, शेतघरांचे प्लॉट पडायला लागले, आणि एके दिवशी वाडीभोवती तारेचं कुंपण आलं. राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी या प्रश्नावर वाडीतल्या लोकांबरोबर बसून संशोधन केलं. २०१३ मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तक आलं, ‘फायटिंग इव्हिक्शन’. ते संशोधन मला मोलाचं वाटतं, कारण त्यात वाडीतली माणसं माहिती देऊन मोकळी झाली नाहीत. आपल्या वस्तीचा नकाशा त्यांनी स्वतः काढला आणि पुढे काय करायचं ते स्वतः ठरवलं.

पुढे करायचं ते काम कागदांचं असतं. वाडीला गावठाण म्हणून मान्यता हवी, तर वाडी जुनी आहे हे दाखवावं लागतं. मग घरपट्टीच्या पावत्या शोधायच्या. त्या पत्र्याच्या पेटीत, वाळवी लागलेल्या, अर्ध्या फाटक्या सापडतात. जुन्या मतदारयाद्या काढायच्या, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता पाहायचा, म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायचे. तलाठी बदलतो, तहसीलदार बदलतो, फाइल तीच राहते किंवा तीही हरवते. ज्याला या कामाची ओढ लागते तो या क्षेत्रात टिकतो. भाषणाची ओढ असलेले पुष्कळ येतात आणि दोन पावसाळ्यांत परत जातात.

कायद्यांची हत्यारं आज पूर्वीपेक्षा जास्त आहेत, हे नव्यांना ठाऊक हवं. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत ३६ आणि ३६-अ ही कलमं आहेत. २००६ चा वनहक्क कायदा वैयक्तिक पट्ट्याबरोबर सामूहिक हक्कही देतो. रायगडातल्या दळी जमिनींचा, म्हणजे जंगलात नाचणी-वरीसाठी पूर्वीपासून दिलेल्या तुकड्यांचा, जुना गुंता त्यामुळे सुटू शकतो. १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, प्रकल्पाआधीची जनसुनावणी, २०१० पासूनचं हरित न्यायाधिकरण, आणि २००३ मध्ये जाहीर झालेलं माथेरानचं संवेदनक्षेत्र, ज्यात कर्जतचाही भाग येतो. पाताळगंगेकाठच्या रसायनीत १९६० नंतर कारखाने आले तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं. आज आहे. पण जनसुनावणीच्या दिवशी वाडी भट्टीवर गेलेली असते. मुकादमाने भर पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, उचल दिलेली असते आणि ती मेपर्यंत फिटायची असते. भुकेचा प्रश्न आणि हक्काचा प्रश्न वेगळे करता येत नाहीत ते यामुळे. आषाढात ज्याला सावकार किंवा मुकादम गाठावा लागतो, तो फाल्गुनात सुनावणीला उभा राहू शकत नाही.

पाण्याची वाट आजही शहराकडेच आहे. खालापुरातलं मोरबे धरण २००२ पासून नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. उल्हासवरच्या कोंढाणे धरणाच्या कंत्राटाचा वाद २०१२ च्या सुमारास राज्यभर गाजला. नंतर ते धरण सिडकोकडे, म्हणजे पुन्हा नव्या शहरांच्या तहानेसाठी, गेलं. मोरब्याच्या वरच्या अंगाला इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर जाऊ शकली नाहीत. बचावपथकं पावसात पायी चढली आणि हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, आणि शोध थांबवण्यात आला. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारने तेव्हा विधिमंडळात सांगितलं. यादीत नाव येण्यासाठीही कोणीतरी ते आधी सांगावं लागतं. उतारावर भेग पडली आहे, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं आहे, हे वाडीतल्या माणसाला दिसतं. ते ऐकून घेऊन लेखी अर्जात उतरवणारा आणि त्या अर्जाचा पाठपुरावा करणारा माणूस जवळपास असावा लागतो.

दरड कोसळल्यावर मदत भरपूर आली. चौकजवळ नवी घरं बांधली गेली, ते चांगलंच झालं. पण घर खाली आलं तरी वरीचं रान, गुरांची चराई, पावसाळ्यातल्या रानभाज्या हे सगळं वरच राहिलं. अशा कुटुंबांना पहिल्या आठवड्यात देणारे खूप असतात. तिसऱ्या वर्षी वारसाच्या दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर पनवेल-अलिबागच्या फेऱ्या मारायला कोण असतं, हे पाहावं.

इथे दानाविषयी स्पष्ट बोलणं भाग आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१४ पासून मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. या पैशाने शाळांना खोल्या मिळाल्या, वाड्यांवर सौरदिवे लागले, नळ आले. मी त्याला नावं ठेवत नाही. अंधारात बाळंतपण झालेल्या बाईला सौरदिवा म्हणजे काय ते ठाऊक आहे. पण या पैशाला वस्तू दिसते, माणूस दिसत नाही. वर्षाअखेरीस फोटो काढता येईल असं काम त्याला आवडतं. गावठाणाच्या फाइलीचा फोटो निघत नाही. प्रकल्प बहुधा एक ते तीन वर्षांचा असतो, तर वनहक्काचा दावा दहा वर्षंही चालतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देणं बंद झालं. त्याची झळ तालुक्याच्या पातळीवरच्या लहान संस्थांना जास्त बसली, कारण मोठ्या शहरी संस्थांमार्फतच हा पैसा त्यांच्यापर्यंत येत असे.

मराठी समाजाची देण्याची स्वतःची रीत आहे, आणि ती मला आश्वासक वाटते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केलं; त्याचे पुरस्कार साहित्याबरोबर समाजकार्यालाही मिळतात. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात संस्थांची ओळख करून देतो आणि निवृत्त शिक्षक, नोकरदार आपापल्या ऐपतीने धनादेश पाठवतात. या देणाऱ्याला अहवालाचा हव्यास नसतो, त्याचा माणसावर भरवसा असतो. मोठ्या देणगीदारांनीही हेच शिकावं. वस्तूंचं वाटप थोडं कमी करावं आणि एका तालुक्यात एका कार्यकर्तीला दहा वर्षं सन्मानाने जगता येईल एवढं मानधन द्यावं. तिच्या हातून काय झालं ते दहाव्या वर्षी मोजावं.

करिअर म्हणून या कामाकडे पाहणाऱ्यांना या पुस्तकात गोड चित्र मिळणार नाही. तिशीत लग्न, घरभाडं, आईवडिलांचं आजारपण समोर आलं की चांगली माणसं हे काम सोडतात. त्यात त्यांचा दोष नाही. पदवी घेऊन आलेल्यांना कायदा, हिशेब, अर्जाची भाषा येते. ठाकरी, कातकरी बोली येत नाही, रानातलं पाणी ओळखता येत नाही. वाडीतून आलेल्यांना हे येतं, पण संस्थेत त्यांच्या वाट्याला बहुधा गाव दाखवण्याचं आणि बैठकीला माणसं जमवण्याचं काम येतं, निर्णयाचं येत नाही. या संग्रहातले सगळ्यात धारदार लेख याच विषयावर आहेत, आणि ते वाड्यांतून आलेल्या कार्यकर्त्यांनी लिहिले आहेत. मला ते वाचताना अनेक ठिकाणी थांबावं लागलं. मदत करणाऱ्याच्या बोलण्यातला चढा सूर त्यांना लहानपणापासून ऐकू येत होता. तो आता त्यांनी शांतपणे कागदावर मांडला आहे.

इथल्या वाटांपैकी कोणती खरी, याचा निवाडा हे पुस्तक करत नाही. धान्य बँक चालवणारा इथे आहे आणि मोर्चा काढणारीही आहे. दोघांनी एकमेकांवर केलेली टीका संपादकांनी गाळलेली नाही, हे त्यांनी चांगलं केलं. काही लेखांत फसलेल्या कामांचा हिशेब आहे: बंद पडलेला बचतगट, आटलेला बंधारा, मालकाशी तडजोड करून उठून गेलेली वाडी. रायगडचा किनारपट्टीचा भाग, मच्छीमार, मिठागरं यांवर इथे जवळजवळ काही नाही. तो स्वतंत्र पुस्तकाचा ऐवज आहे. शेवटी परिशिष्टात गावठाण मागणीचा अर्ज, वनहक्क दाव्याचे पुरावे आणि ग्रामसभेच्या ठरावाची भाषा यांचे नमुने दिले आहेत. ही पानं फाडून वापरता यावीत म्हणून ती वेगळ्या शिवणीने बांधली आहेत. तालुक्याच्या कचेरीत जाताना ती बरोबर न्यावीत.

दहिवली, कर्जत